हाफ मॅचनेही ट्रान्सप्लांट होतं
वर कुणीतरी लिहिलंय की बोन मॅरो (अस्थिमज्जा) ट्रान्सप्लांटसाठी सख्ख्या भावंडाचं एचएलए (पेशींवरची ओळखखूण) जुळलं नाही तर विषयच संपला, तर तसं नाहीये हो आता. भावंड पूर्ण जुळायचा चान्स मुळात २५ टक्केच, पण आईवडील, मुलं निम्मी तरी जुळतातच. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलवाल्यांनी यावरच काम केलं, डोनरच्या पेशी दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध द्यायचं, म्हणजे पेशंटच्या अंगावर उठलेल्या डोनरच्या टी-सेल्स (प्रतिकार करणाऱ्या पेशी) मरतात आणि रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल्स मात्र त्यांच्यातल्या एका एन्झाइममुळे वाचतात, मला हे फारच भारी वाटतं. माझ्या मावसभावाला ल्युकेमियात (ब्लड कॅन्सर) वडिलांच्याच पेशी दिल्या, सलाईनसारखी लालसर पिशवी टांगलेली आणि काकांची नजर तिच्यावरून हलेना. सतराव्या दिवशी रक्तपेशींचे काउंट वर आले. तेव्हा डॉक्टरांना हॅप्लोचं, म्हणजे या हाफ मॅच ट्रान्सप्लांटचं, नक्की विचारा, प्लीज थांबू नका.