मदत हवी आहे: व्यंगचित्रातली टीका कुठे संपते आणि हिणवणं कुठे सुरू होतं?

नमस्कार मंडळी. अकरावीच्या मुलांबरोबर राजकीय व्यंगचित्रांवर तास घ्यायचाय, पण एका ठिकाणी घोडं अडलंय.

2014 मध्ये मंगळयान पोहोचल्यावर न्यूयॉर्क टाइम्सने छापलेलं चित्र आठवतंय? फेटेवाला शेतकरी गाय घेऊन 'एलिट स्पेस क्लब'चं दार ठोठावतोय, आत सुटाबुटातले दोघे पेपर वाचतायत. मला हे सरळसरळ हिणवणं वाटतं. वृत्तपत्राने नंतर माफीही मागितली.

व्यंगचित्रकार शंकर यांचं 1949 चं चित्र मात्र अवघड आहे. राज्यघटनेच्या गोगलगायीवर बाबासाहेब, मागे चाबूक उगारलेले नेहरू. रोख घटनेला लागणाऱ्या वेळावर होता, मान्य. पण ज्यांच्या मागच्या पिढ्यांनी खरे फटके सोसले, त्या मुलांना तो चाबूक कसा दिसेल? एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या याच चित्रावरून 2012 मध्ये संसदेत गदारोळ झाला. पुण्यात त्या पुस्तकाचे एक मुख्य सल्लागार सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची तोडफोडही झाली, जी मला अजिबात पटत नाही.

मग निकष काय सांगू? चित्रकाराचा हेतू, की बघणाऱ्याला लागलेली जखम? वर्गात आधी चित्र दाखवावं की पार्श्वभूमी? कुणी हे शिकवलं असेल तर अनुभव जरूर लिहा. मराठी वृत्तपत्रांतली उदाहरणंही हवी आहेत.