पीओपी मूर्ती बादलीत विरघळते
बरेच जण म्हणतात की पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) गणपतीची मूर्ती घरी विरघळतच नाही. अहो साध्या पाण्यात नाहीच विरघळत, पण अमोनियम बायकार्बोनेटची पावडर टाकली की विरघळते, पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि महापालिकेने २०१६ मध्ये हे सुरू केलं. आमच्या सोसायटीने गेल्या वर्षी गच्चीत एकच मोठा टब ठेवला, मूर्तीच्या वजनाइतकी पावडर, दर दोन-तीन तासांनी ढवळायची ड्यूटी पोरांकडे, दोन दिवसांत खाली पांढरा चुन्यासारखा गाळ बसला आणि वरचं पाणी म्हणजे अमोनियम सल्फेट, खतच की! भरपूर पाणी मिसळून शोभेच्या झाडांना घातलं, भाजीला नाही, रंगांचा काय भरवसा. वास मात्र असा की डोळ्यांतून पाणी, त्यामुळे बंद बाथरूममध्ये अजिबात करू नका. शाडूची असेल तर हा खटाटोपच नको.