शब्दचर्चा: ‘खुसखुशीत’ला इंग्रजीत काय म्हणावं?

नौपाडाकर
ठाण्यातल्या एका घरगुती फराळाच्या दुकानाचं इंग्रजी माहितीपत्रक लिहायचं आहे. चकली, शंकरपाळी, चिरोटे, पुरणपोळी, रवाळ तूप. पहिल्या खर्ड्यात सगळं एक तर ‘क्रिस्पी’ झालंय, नाही तर ‘सॉफ्ट’. मराठीत कुरकुरीत, खुसखुशीत, चुरचुरीत, लुसलुशीत, मऊसूत असे शब्द आपोआप येतात. इंग्रजीत असे शब्दच नाहीत का?

ऐरोलीचा_खाडीवारा
भरपूर आहेत, फक्त वाटणी वेगळी आहे. मराठी शब्द नादातून उभा राहतो. इंग्रजी शब्द बहुधा वस्तू कशी तुटते, दबते किंवा विरघळते त्यावरून ठरतो. म्हणून शब्दकोश उघडण्याआधी पदार्थ चावून बघा.

पातळ, कोरडं, पहिल्याच चाव्याला फुटणारं आणि बारीक, उंच आवाज करणारं ते ‘क्रिस्प’. जाड, टणक, तीन-चार चावे खर्जात वाजत राहणारं ते ‘क्रंची’. पापड आणि पातळ पोह्यांचा चिवडा क्रिस्प. चिक्की आणि भाजलेले शेंगदाणे क्रंची. चकली मधोमध येते. तिला ‘क्रंची’ म्हणा आणि हवं तर काट्यांपुरतं ‘क्रिस्प रिजेस’ वापरा.

‘क्रिस्प’ आणि ‘क्रिस्पी’ही सरसकट अदलाबदल करून चालत नाहीत. ‘क्रिस्पी’ मुख्यतः तळलेल्या-भाजलेल्याला. ताजं सफरचंद, कडक इस्त्रीचा शर्ट, थंडीतली सकाळची हवा, कोरी नोट यांना ‘क्रिस्प’च. नोटेला आपण करकरीत म्हणतो, कुरकुरीत म्हणत नाही, तसंच हे.

पाचपाखाडीची_पाकसिद्धी
मूळ प्रश्न राहिला. शंकरपाळीच्या खुसखुशीतपणाला इंग्रजीत नेमका शब्द आहे: ‘शॉर्ट’. ‘शॉर्टब्रेड’ आणि ‘शॉर्टनिंग’ त्यातलेच. कारण आपल्या मोहनाचंच. गरम तूप पिठाला चोळलं की त्यातल्या प्रथिनांवर स्निग्ध थर बसतो, पाणी घातल्यावर ग्लुटेनचे लांब धागे तयार होत नाहीत आणि वस्तू ओढली न जाता भुगा होऊन तुटते. पाव किलो मैद्याला साधारण 4 मोठे चमचे तूप. मूठ वळली की मोहन पुरेसं. शॉर्टब्रेडचं पारंपरिक प्रमाण तर साखर 1, लोणी 2, मैदा 3 असं आहे, म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त स्निग्ध.

अडचण एवढीच की बेकिंग न करणारा वाचक ‘शॉर्ट’ म्हणजे आखूड समजेल. माहितीपत्रकात ‘बटरी अँड क्रम्बली’ लिहा. तूप वापरलं असेल तर ‘बटरी’ हे पोताचं वर्णन आहे, घटक नव्हे, हे ध्यानात ठेवून घटकांच्या यादीत तूपच लिहा. शिवाय ‘क्रम्बली’ दुधारी आहे. मोहन जास्त होऊन तेलात विरघळणारी शंकरपाळीही क्रम्बलीच, म्हणून जोडीला ‘मेल्ट्स इन द माउथ’ हे क्रियापद असू द्या. मोहन कमी पडलेल्या शंकरपाळीला ‘क्रंची’ म्हणून खपवू नका, ती ‘हार्ड’ आहे.

चिरोटे वेगळे. त्यात साटा (पोळ्यांच्या थरांमध्ये लावायचं तूप-पिठाचं लेपण) असतो, पदर सुटतात, म्हणून ‘फ्लेकी’. मात्र ‘फ्लेकी’ माणसाला लावलं की अर्थ होतो भरवशाचा नसलेला, आणि त्वचेला लावलं की कोंडा सुटलेली. पदार्थाचं नाव शेजारी हवंच.

खारघर_टेकडी
आणि ‘खुसखुशीत लेख’? तिथे क्रम्बली लिहिलंत तर संपादक तुम्हालाच चावेल. 😄 तिथे ‘लाइट अँड विटी’.

पाचपाखाडीची_पाकसिद्धी
अगदी! आता रवाळ तूप, कारण खरी फजिती तिथे होते. आपल्याकडे रवाळ ही शाबासकी आहे. तूप सावकाश थंड झालं की जास्त तापमानाला वितळणारे स्निग्धांश आधी गोठतात आणि त्यांचे मोठे कण होतात. इंग्रजी वाचकाला मात्र ‘ग्रेनी’ म्हणजे फाटलेलं सॉस किंवा बिघडलेलं आइस्क्रीम आठवतं. भारतीय डब्यांवर ‘ग्रेनी’ सर्रास दिसतं, इथल्या गिऱ्हाइकाला ते कळतंही. परदेशी वाचक असेल तर विशेषण सोडा आणि घडतं ते सांगा: ‘सेट्स इंटू सॉफ्ट, फाइन ग्रेन्स दॅट मेल्ट ऑन द टंग’.

ऐरोलीचा_खाडीवारा
हाच मुद्दा. 1963मध्ये अन्नशास्त्रज्ञ आलिना शेस्नियाक यांनी पदार्थांच्या पोताचं वर्गीकरण मांडलं. त्यात तीन गट होते: दाबल्यावर-चावल्यावर काय होतं, कणांचा आकार आणि रचना कशी आहे, ओलावा आणि स्निग्धता किती. अडलात की हे तीन प्रश्न विचारा. रवाळ दुसऱ्या गटातलं, पुरणपोळी पहिल्या आणि तिसऱ्या.

लुसलुशीतला ‘टेंडर’ जवळचा, कारण त्यात मऊपणाबरोबर कोवळेपणाही येतो. कोवळी भेंडी किंवा काकडीही टेंडरच. पुरणपोळीला ‘सॉफ्ट अँड टेंडर’ चालेल. ‘मॉइस्ट’ केकसाठी रूढ आहे, पण बऱ्याच इंग्रजी भाषकांना हा शब्दच किळसवाणा वाटतो. मऊसूत भाताला ‘मशी’ मुळीच नको, तो गिजका झाला असा अर्थ निघतो.

खारघर_टेकडी
इडलीला ‘स्पंजी’ लिहितात तेही जरा जपून. गाजर किंवा गाडीचा ब्रेक स्पंजी असणं हा दोष आहे. इडलीला ‘पिलोई’ बरं. आंबोळीच्या जाळीला ‘लेसी’.

दिवाळेकर
बेलापूरच्या दिवाळे गावातले बोंबील विसरू नका. त्यांत पाणी खूप, म्हणून वजनाखाली दाबून, रवा-तांदळाच्या पिठात घोळवून तळतात. आतला मऊपणा ‘सॉफ्ट’ने कळत नाही आणि ‘वॉटरी’ने पदार्थच मरतो. ‘अ क्रिस्प क्रस्ट, ऑलमोस्ट कस्टर्डी इनसाइड’ हे जमतं. दाबला नाही तर रवा भिजून ‘सॉगी’ होतो, मग कुठलाच शब्द वाचवत नाही.

वाशीच्या मार्केटातलं पिठूळ सफरचंद ‘मीली’. बिनरेषांच्या हापूसला ‘स्मूद, बटरी फ्लेश’ म्हणा. ‘पल्प’ म्हटलं की डबाबंद रस डोळ्यांपुढे येतो.

वर्तकनगरची_विणकर
कापडवाल्यांसाठी थोडं. सिल्क हा धागा, सॅटिन ही वीण, व्हेल्व्हेट म्हणजे उभी लव. म्हणून पातळ, घसरतं ते ‘सिल्की’, दाट आणि बोटाला किंचित अडवणारं ते ‘व्हेल्व्हेटी’. सुपालाही हाच नियम: पातळ गाळीव सूप सिल्की, दाट भोपळ्याचं व्हेल्व्हेटी. गाठाळ खादीला ‘रफ’ म्हणू नका, ‘नबी’ किंवा ‘स्लबी’ म्हणा.

नौपाडाकर
सगळ्यांचे आभार. चिरोट्यासाठी असं लिहिलंय: ‘अवर चिरोटे हॅज अ व्हेरी नाइस, क्रिस्पी, फ्लेकी अँड सॉफ्ट टेक्स्चर.’ कसं वाटतं?

पाचपाखाडीची_पाकसिद्धी
‘टेक्स्चर’ काढा, क्रिस्पी म्हटल्यावर तो पोतच आहे. ‘व्हेरी नाइस’ काहीच सांगत नाही. क्रिस्पी आणि सॉफ्ट एकमेकांना खातात. चिरोटे अनेकवचनी, तेव्हा ‘हॅज’ही गेलं. ‘फाइन लेयर्स दॅट शॅटर अॅट द फर्स्ट बाइट, देन मेल्ट.’ शॅटरमध्ये आवाज आला, मेल्टमध्ये तूप आलं. फक्त पाकातले चिरोटे असतील तर शॅटर खोटं पडेल. ते कोरडे आहेत की पाकातले?

नौपाडाकर
पिठीसाखरेचे, कोरडे.

पाचपाखाडीची_पाकसिद्धी
मग छापा.