हार्डॉक्स 500 च्या टार्गेट प्लेटची गोळीबार-चाचणी कशी घ्यावी?

फोंडेकर: नमस्कार मंडळी. फोंड्याजवळच्या परवानाधारक रेंजसाठी 10 मि.मी. जाडीच्या हार्डॉक्स 500 (झीज सोसणारं कडक पोलाद) मधून 300 मि.मी. व्यासाच्या गोल प्लेट कापून घ्यायच्या आहेत. वेर्ण्यातला कटिंगवाला गॅसने कापून देतो म्हणतो. वापर .22, .32 आणि .315 रायफल, शिवाय 12 बोअर. प्लेट टिकेल की नाही, हे नेमाला लावण्याआधी कसं तपासायचं?

ऐरण: गॅस कटिंग नकोच. हे पाणी दिलेलं पोलाद आहे, 250 अंशांच्या वर तापलं की कडकपणा उतरू लागतो. एवढ्याशा तुकड्यात उष्णता आतपर्यंत शिरते. वॉटरजेट (पाण्याच्या झोताने कापणं) उत्तम, नाहीतर लेझर.

गोळी झाडण्याआधी कडकपणा मोजा. हार्डॉक्स 500 चा ब्रिनेल आकडा (कडकपणाचं माप) 470 ते 530 असतो, साध्या माइल्ड स्टीलचा जेमतेम 120-150. मध्यभागी आणि काठापासून 10, 20, 30 मि.मी. आत घ्या. काठाकडे आकडा पडत गेला तर तेवढी कड जळाली समजा. मोजण्याआधी वरचा काळा थर ग्राइंडरने हलक्या हाताने काढा, नाहीतर आकडा चुकतो. हातातलं लीब यंत्र (उसळीवरून कडकपणा मोजणारं) वापरणार असाल तर प्लेट जड ऐरणीवर ग्रीस लावून घट्ट बसवा. 10 मि.मी. ची प्लेट नुसती ठेवली तर ती थरथरते आणि आकडा खोटा येतो. कित्येकजण इथेच चांगला माल परत पाठवतात.

निशाण_पेडणे: फोंडेकरभाऊ, चाचणी हलक्याकडून भारीकडे न्या: .22, मग .32, मग .315, शेवटी 12 बोअरचा स्लग (छर्र्यांऐवजी एकच मोठी गोळी). पिस्तूल-रिव्हॉल्व्हर 10 मीटरच्या आत कधीच नको, रायफल आणि स्लग 100 मीटरवरून. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावा, कारण प्लेटला खड्डा पाडतो तो मुख्यतः वेग. .315 ची गोळी जड, पण संथ. 5.56 मि.मी. रायफलची हलकी गोळी नळीतून सुमारे 990 मीटर प्रति सेकंदाने सुटते, आणि जवळून मारली तर याच प्लेटला खड्डा पाडू शकते. 900 च्या वर या जाडीचा भरवसा धरू नये. पोलादी गाभ्याची गोळी असेल तर वेग कमी असला तरी नको. चुंबक लावून बघा. पण काही गोळ्यांचं नुसतं कवच पोलादी असतं, म्हणून एक गोळी कापून पाहावी.

प्रत्येक फटक्याला खडूने क्रमांक द्या आणि वहीत अंतर, वेग, जागा लिहा. एकाच जागी दुसरा फटका आला तर तो वेगळा नोंदवा. फटक्यानंतर पुढून डेप्थ गेजने खड्डा मोजा, मागून पट्टी टेकवून फुगवटा. 1 मि.मी. खोल खड्डा दिसला की प्लेट बाद. सपाट पृष्ठभागावरून शिशाचे तुकडे पृष्ठभागाला जवळजवळ समांतर उडतात. खड्ड्याची उभी कड मात्र तेच तुकडे थेट नेमबाजाकडे परत पाठवते. माझ्या मते सगळ्या चाचणीत ही एक तपासणी सर्वांत मोलाची.

प्लेटच्या चहूबाजूंनी पुठ्ठे उभे करा. फाटलेल्या रेघांवरून तुकडे कुठे जातात ते कळतं.

फोंडेकर: प्लेट सरळ उभी ठेवायची की कलती?

ऐरण: वरची कड नेमबाजाकडे झुकवून, सुमारे 20 अंश, म्हणजे तुकडे जमिनीत जातात. साखळीने टांगा किंवा मागे स्प्रिंग द्या. घट्ट जखडली तर सगळा धक्का बोल्टवर येतो. समोरून वेल्डिंग अजिबात नको, भोवतीचा भाग मऊ पडतो आणि तडा तिथूनच सुटतो.

निशाण_पेडणे: शिवाय 12 बोअरचे बारीक छर्रे चाचणीत घेऊ नका. प्लेटला काही होत नाही, पण छर्रे मागे उसळतात. चष्मा बघ्यांनाही सक्तीचा.

खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी गंज येईल. त्याने आतला कडकपणा जात नाही, पण बारीक तडे झाकले जातात. म्हणून पावसाळ्यानंतर रंग खरवडून डाय पेनिट्रंट (तड्यांत शिरून ते दाखवणारा रंगीत द्रव) मारा, कडा आणि बोल्टची भोकं आधी. पांढरा रंग त्यानंतर. खाली साचलेलं शिसं कोरडं झाडू नका, पाणी शिंपडून गोळा करा.