सागवानी पट्टीला ३० अंशांचा उतार : टेबल सॉचे पाते ४५ अंशांवर थांबते, पुढे काय करावे?

प्रश्न (पंचवटी)

नमस्कार. आमच्या जुन्या वाड्याच्या माडीवर तक्तपोशी (लाकडी छत) आणि भिंत जिथे मिळतात, तिथली सागवानी पट्टी वाळवीने खाल्ली आहे आणि ती पहिल्यासारखीच करून बसवायची आहे. प्रत्येक तुकडा ८ फूट लांब, ५० मिमी रुंद आणि २० मिमी जाड असून त्याचा उतार रुंद पृष्ठभागाशी ३० अंशांचा कोन करतो. माझ्या १० इंची टेबल सॉचे (टेबलातून गोल पाते वर येते त्या यांत्रिक करवतीचे) पाते ४५ अंशांपलीकडे कलत नाही. आमचे सुतार रंध्याने उतार काढायला तयार आहेत. परंतु चारही भिंतींना पट्टी हवी असल्याने सगळे तुकडे सारखे येतील का, ही शंका आहे, कारण कोपऱ्यात सुताभराचा फरकही नजरेत भरतो. हे काम यंत्रावर सुरक्षितपणे कसे करावे?

प्रतिसाद (सातपूर)

यंत्रावरचा कोन उभ्या रेषेपासून मोजलेला असतो, म्हणून फळी आडवी ठेवल्यास आपल्याला ६० अंशांचा कल लागेल आणि तो मिळणार नाही. तीच फळी कडेवर उभी केली की पाते फक्त ३० अंश कलवावे लागते.

मात्र ५० मिमीची अरुंद पट्टी उभी धरून कापू नये, हात पात्याच्या फार जवळ जातो. १५० मिमी रुंदीची फळी घ्यावी, तिच्या कडेला आधी उतार काढावा आणि मग पट्टी वेगळी करावी. यंत्राच्या गाईडला (जिला टेकवून फळी सरकवतात त्या सरळ पट्टीला) प्लायची १२० मिमी उंच, गुण्यात म्हणजे काटकोनात उभी असलेली जोड-गाईड घट्ट बसवावी. पाते गाईडपासून दूर कललेले असले पाहिजे, म्हणजे कापलेली पाचर बाहेरच्या बाजूला मोकळी राहते. पाते गाईडकडे कलले, तर लाकूड दोहोंच्या मध्ये आवळून मागे उसळते. या कामातला खरा धोका तोच आहे.

कडेची संपूर्ण जाडी कापून टाकू नये. गाईडला लागून २ मिमी सपाट भाग राहू द्यावा, म्हणजे १८ मिमी जाडी कापली जाईल, पाते टेबलापासून सुमारे ३१ मिमी वर यावे लागेल आणि उताराची लांबी ३६ मिमी भरेल. १० इंची पात्याला एवढे सहज झेपते. तरीही ८ फुटी फळी २ मिमीच्या धारेवर तोलून सरकवणे कठीण आहे. त्यासाठी फळीच्या गाईडकडच्या अंगाला, खालून १२० मिमीवर, एक सरळ आडवी पट्टी स्क्रूने बसवावी. ती गाईडच्या माथ्यावरून सरकते आणि वजन तिच्यावर येते. स्क्रूची भोके उरलेल्या फळीत राहतात. पात्याभोवतीची फट प्लायच्या नव्या झाकणपट्टीने बुजवावी, नाहीतर धार फटीत अडकते. या कापात वरचे संरक्षक झाकण बसत नाही, पण रायव्हिंग नाइफ (पात्यामागची, काप मिटू न देणारी पातळ पट्टी) काढू नये. पुढे फळी पेलायला रोलर स्टँड हवा, आणि उभे राहताना पात्याच्या रेषेत न राहता बाजूला राहावे.

प्रतिसाद (देवळाली)

वरील पद्धत योग्य आहे. लाकडाबद्दल थोडे सांगतो, कारण लांब पट्टीत निम्मे यश तिथेच असते. फळी एका अंगाला धनुष्यासारखी वाकलेली असेल, तर ती गाईडपासून जिथे सुटते तिथे उताराची रुंदी बदलते आणि ३० अंशांच्या कापात तो फरक अधिकच मोठा होतो. जाडीतली १ मिमी चूक रुंदीत सुमारे १.७ मिमी दिसते. म्हणून फळ्या आधी थोड्या मोठ्या मापाने फाडून काही दिवस आडव्या रचून ठेवाव्यात, मग एक अंग आणि एक कड सरळ रंधून घ्यावी. नाशिकच्या पावसाळ्यात हवा दमट झाली की सागवानही रुंदीत थोडे फुगते, तेव्हा कोरड्या दिवसांत काम करत असाल तर पट्टी भिंतीला अगदी ठासून बसवू नये.

पट्टी वेगळी करताना फळीची चौकोनी कड गाईडला लावावी आणि उताराची बाजू बाहेर ठेवावी. उलट केल्यास पातळ धार गाईडखाली शिरते आणि काप बिघडतो. उरलेला २ मिमी सपाट भाग आपल्या सुतारांनी रंध्याने उतरवावा. त्यांच्या हातासाठी ते काम अगदी योग्य आहे.

प्रश्नकर्ता (पंचवटी)

दोघांचेही मनापासून आभार. माझ्या यंत्राचे पाते उजवीकडे कलते आणि गाईडही उजवीकडेच असते. मग गाईड डावीकडे न्यावी का?

प्रतिसाद (सातपूर)

होय, डावीकडेच न्यावी. आपल्या यंत्राची गाईड तिकडे सरकत नसेल, तर सरळ रंधलेले जाड लाकूड दोन्ही टोकांना शिकंज्याने टेबलावर आवळावे आणि पात्याला समांतर आहे का, हे पुढच्या व मागच्या दातापाशी मोजून पाहावे. पहिला काप टाकाऊ फळीवर घ्यावा आणि तो तुकडा वाड्यातल्या जुन्या पट्टीवर ठेवून उतार ताडून घ्यावा. जुने काम हाताचे असल्याने तिथला कोन नेमका ३० नसण्याची शक्यता बरीच आहे.