बेळगावहून दोन दिवसांत बौद्ध स्थळं: जाऊन आलेल्यांनी लिहा

धागा काढणारी

आईला घेऊन शनिवार-रविवार जोडून कुठेतरी जायचं आहे. ती सत्तरीच्या पुढे, गुडघे बरे आहेत, पण उन्हात फार चालवत नाही. तिची अट एकच: "देऊळ असूदे, खरं गर्दीचं नको."

वडगाव-माधवपूरच्या उत्खननात सातवाहनांच्या काळातलं गाव सापडलं. आमच्या घरापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर. त्याबद्दल वाचलं तेव्हापासून डोक्यात आहे की त्या काळातली माणसं हात जोडायला कुठे जात असतील? चैत्य, विहार, स्तूप असं आपल्या बाजूला काय उरलंय? यादी नको, यादी कुठेही मिळते. तुम्हाला काय दिसलं, वयस्कर माणसाला झेपेल का, जेवणाचं काय, ते लिहा.

टिळकवाडी, बँकेत नोकरी

मुंडगोड. डोळे झाकून. हुबळीपर्यंत हायवे, तिथून मुंडगोड पन्नासएक किलोमीटर. पहाटे निघालात तर नाश्ता धारवाडला आणि दहाच्या आत तुम्ही तिबेटी वसाहतीत. गांदेन मठ लामा कॅम्प नंबर एकमध्ये, द्रेपुंग दोनमध्ये. आधी नंबर विचारून ठेवा, कारण वसाहत शेतांमधून लांबवर पसरलेली आहे आणि एका कॅम्पहून दुसऱ्याला चालत जाणं आईंना जमणार नाही. मुंडगोड बसस्टँडवरून रिक्षा ठरवून घ्या.

प्रार्थनागृह प्रचंड, आत लोण्याच्या दिव्यांचा वास, भिंतींवर रंगीत थांगका, म्हणजे कापडावरची धार्मिक चित्रं. पण मला आवडली ती अंगणातली वादसभा. एक भिक्खू खाली बसलेला, दुसरा उभा राहून प्रश्न टाकतो आणि टाकताना पाय आपटून जोरात टाळी वाजवतो. असे पन्नास-शंभर जण एकाच वेळी. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, भांडतायत काय?" भांडतच होते, खरं तर्कशास्त्रावर.

प्रदक्षिणा आपल्यासारखीच उजव्या हाताची. चपला बाहेर. जेवायला मोमो आणि थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप. शाकाहारी असाल तर आधी विचारा. सोबत परदेशी पासपोर्टवालं कोणी असेल तर वसाहतीत मुक्कामाला सरकारी परवाना लागतो आणि तो आधी काढावा लागतो. आपल्याला काही नाही.

हिंडलगा

मुंडगोड छान, खरं ताईंनी ऐतिहासिक विचारलंय. ती वसाहत १९६६ ची. आमच्या घराचा पाया त्याच्याहून जुना आहे.

टिळकवाडी

इमारत नवी, मान्य. संस्था नवी नाही. गांदेनची स्थापना १४०९ ची, द्रेपुंगची १४१६ ची, दोन्ही ल्हासाजवळ. १९५९ नंतर तिथून निसटलेल्या भिक्खूंनी तीच परंपरा इथे पुन्हा उभी केली. दगड जुने हवेत की पाठांतर जुनं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

निपाणी, निवृत्त शिक्षक

दगड जुने हवे असतील तर ऐहोळे. यरगट्टी, लोकापूर करत बागलकोटच्या बाजूला जायचं. मुक्काम बदामीला, तिथून ऐहोळे तासाभराचं.

ऐहोळेला सगळे दुर्ग मंदिर बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. बौद्ध मंदिर आहे मेगुटी टेकडीवर, माथ्याच्या थोडं खाली. दुमजली, सहाव्या शतकाच्या शेवटचं, अर्धं बांधलेलं आणि अर्धं कातळात शिरलेलं. दोन्ही मजल्यांना पुढे खांबांचा ओटा, मागे भिक्खूंच्या खोलीसारखी छोटी दालनं. खालच्या दालनाच्या दरवाजावर बारीक कोरीवकाम आहे, ते बसून बघा. वरच्या मजल्यावर मधल्या भागात छत्राखाली बसलेले बुद्ध कोरलेत. समोर एक बुद्धमूर्ती आहे, तिला डोकं नाही. आमच्या गटातल्या एका बाईंनी तिच्यापुढे फूल ठेवलं. बाकी कोणी हात जोडताना दिसलं नाही.

आणखी चार पायऱ्या चढलात की माथ्यावर मेगुटीचं जैन मंदिर, इ.स. ६३४ चं. त्याच्या भिंतीवर रविकीर्तीचा लेख आहे, चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचा. त्यात पुलकेशी तीन महाराष्ट्रकांचा आणि नव्याण्णव हजार गावांचा स्वामी झाला असं म्हटलंय. म्हणजे महाराष्ट्राचा हा जुना उल्लेख बघायला आपण कर्नाटकात आणखी आत जायचं. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा पोरं हसायची, आणि मागच्या बाकावरचा एखादा विचारायचाच, "मग सर, बेळगाव कुणाचं?" तो तास तिथेच संपायचा.

ह्याच पुलकेशीच्या राज्यात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग येऊन गेला. शंभरावर विहार आणि पाच हजारांच्या आसपास भिक्खू असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. टेकडीवर बसून समोरच्या गावाकडे बघताना ते आकडे आठवतात आणि विश्वास बसत नाही, कारण डोळ्यांना दिसतं ते हे एकच.

पायऱ्या उंच आहेत, ताई. सकाळी आठच्या आत चढवा. मार्च ते मे नकोच, तो कातळ नऊ वाजता तापतो. वर पाणी नाही, सावली मंदिराचीच. बदामीत ज्वारीची भाकरी आणि भरली वांगी कुठल्याही खानावळीत मिळतात. माकडांपासून पिशवी सांभाळा.

अथणी, गृहिणी

माझ्या सासरचं कुलदैवत सन्नतीची चंद्रला परमेश्वरी. चित्तापूर तालुका, कलबुर्गी जिल्हा, भीमेच्या काठावर. ओटी भरायला म्हणून गेले आणि तिथेच कळलं की देवळाच्या आवारातल्या काली मंदिराचं छप्पर १९८६ मध्ये कोसळलं, आणि मूर्तीची बैठक म्हणून बसवलेली शिळा उघडी पडली. ती निघाली सम्राट अशोकाच्या आज्ञेची, दोन्ही अंगांना ब्राह्मी लेख. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरातल्या बायका तिथे येतात. किती जणींनी अशोकाच्या अक्षरांपुढे कुंकू वाहिलं असेल, कोण जाणे.

तिथून जवळच कनगनहळ्ळी. तिथे मोठा स्तूप जमिनीखाली गाडला गेला होता, १९९० च्या दशकात पुरातत्त्व खात्याने उकरून काढला. माणसाच्या उंचीचे शिल्पपट, बरेच तुकडे झालेले. सातवाहन राजांची नावं कोरलेली. आणि एका पटावर राजा, शेजारी राणी, मागे छत्र-चामर धरलेल्या दासी, वर ब्राह्मीत "राया असोको". अशोकाचं नावासकट शिल्प! सासूबाईंनी विचारलं, "हा कुठला देव?" मी म्हटलं, देव नाही, राजा. त्यांनी नमस्कार केलाच.

स्तूपाला लागलेला दगड त्याच भागातला चुनखडीचा. आपल्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी ज्या शहाबादची, ते तिथून फार लांब नाही. स्तूप बघून घरी आले आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर पोछा मारताना हात थोडा हळू चालला, एवढं खरं.

पण ताई, हे तुमच्या दोन दिवसांत बसवू नका. बेळगावहून अथणी, विजापूर करत कलबुर्गीच साडेतीनशेच्या वर आणि पुढे आणखी साठेक. रेल्वेने नालवार स्टेशन जवळ पडतं. आम्ही देवदर्शनाला क्रूझर करून जातो, गाणगापूर जोडून. जेवणाचे डबे बरोबर न्या. फोडणीची पोळी दुसऱ्या दिवशीही टिकते.

येळ्ळूर

आमी चैत्रात जोतिबाला जातो. डोंगराच्या पायथ्याला पोहाळे गाव हाय, तिथं लेणी हाईत, बुद्धाची. खांबांचा मोठा विहार, भवतीनं भिक्खूंच्या खोल्या, शेजारी चैत्य. गावातली पांडवलेणी म्हणत्यात. जोतिबाला लाखांनी माणसं, आणि तिथं आमी चौघंच. गार कसलं वाटलंय सांगू! आईस्नी आणा, चढ लई न्हाई. चैत्र यात्रेत मात्र आणू नका, गाडीच हलत न्हाई. आणि १ नोव्हेंबरच्या, सीमाभागातल्या काळ्या दिवसाच्या, मागं-पुढं निघाला तर कोल्हापूरची एसटी सुरू हाय का ते आधी बघा, कवा सीमेवर कोगनोळीला थांबतील सांगता येत न्हाई.

निपाणी, निवृत्त शिक्षक

पोहाळ्याला जाणाऱ्यांनी कोल्हापुरात टाऊन हॉल म्युझियम चुकवू नये. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तू तिथे आहेत. रोमन समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्तीही. व्यापारी आणि भिक्खू एकाच वाटेने येत होते, हे तिथे नीट दिसतं. आणि येता-जाता आमची निपाणीही लक्षात असूद्या, १९२५ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत परिषद इथे घेतली होती.

खानापूर, प्राथमिक शिक्षिका

मी कार्ल्याची लेणी कॉलेजच्या सहलीत पाहिली होती. तिथल्या लेखात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल येतो, जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह आपण पूर्ण केलं म्हणणारा. वैजयंती म्हणजे आपली बनवासी, शिरसीपासून पंचवीसेक किलोमीटर! इथला सावकार तिकडे लोणावळ्याच्या डोंगरात एवढा खर्च करतो, तर स्वतःच्या गावात काय केलं असेल, म्हणून मुद्दाम गेले.

बौद्ध इमारत उभी नाही, हे आधीच सांगते. मधुकेश्वराच्या आवारात पाच फण्यांचा नागाचा दगड आहे. कडेला प्राकृत लेख: एका राजकन्येने नाग, तळं आणि विहार दान दिला. शिल्पकाराचं नावही आहे, नटक, इंद्रमयूराचा शिष्य. विहार गेला, पावती राहिली. वरदा नदी, सुपारीच्या बागा, गाव शांत. आईंना इथलं देऊळ सपाटीवर मिळेल, पायऱ्यांचा त्रास नाही. मुंडगोड ह्याच बाजूला, त्यामुळे दोन्ही जोडून होतात. मुक्काम शिरसीला.

गदगला माहेर, सध्या कॅम्प

आमच्या गदगजवळच्या डंबळचंही तसंच. १०९५ च्या लेखात सोळा शेट्टींनी बांधलेला बुद्धविहार आणि लक्कुंडीच्या एका शेट्टीने बांधलेलं तारादेवीचं मंदिर आहे. म्हणजे बाराव्या शतकाच्या तोंडावरही इथे बौद्ध पूजा चालू होती. आज बघायला दोड्डबसप्पाचं देऊळ, तेही शंकराचं. फक्त त्यासाठी जाऊ नका. लक्कुंडीला जाणार असाल तर वाकडी वाट करा.

शहापूर

बसने जाणाऱ्या बायकांसाठी: राज्यातल्या राज्यात साध्या बसला शून्य रुपयाचं तिकीट, कर्नाटकाचा पत्ता असलेलं आधार दाखवा. कंडक्टर कन्नडमध्ये ओरडतो, तिकीट मराठी बाईलाही तेच देतो. मी आणि दोघी मैत्रिणी हुबळी-मुंडगोड असंच करून आलो. कोल्हापूरच्या आंतरराज्य गाडीत ते चालत नाही.

धागा काढणारी

सगळ्यांचे आभार. आईला वाचून दाखवलं. सन्नती पुढच्या वर्षी, अथणीच्या ताईंबरोबर क्रूझरमध्ये जागा असली तर. आत्ता असं मनात आहे: शुक्रवारी सकाळी सुट्टी टाकून निघायचं, दुपारी ऐहोळे, मुक्काम बदामी, शनिवारी मुंडगोड, रविवारी बनवासी करून परत.

निपाणी, निवृत्त शिक्षक

नको. बदामी ते मुंडगोड दीडशे किलोमीटर, तुमची आई गाडीतच बसून राहील. एक बाजू धरा. पायऱ्या टाळायच्या तर मुंडगोड-बनवासी. आणि ऐहोळेच करायचं असेल तर शुक्रवार दुपार सोडून द्या: ऊन असतं, आणि तिथलं पुरातत्त्व खात्याचं म्युझियमही शुक्रवारी बंद.

अथणी, गृहिणी

क्रूझरमध्ये जागा आहे. आईंना खिडकीशी बसवू. फक्त पावसाळ्यात नको, भीमा भरली की त्या बाजूचे रस्ते अडतात.