बोका ६.४ किलोचा झालाय. रोज नेमकं किती घालू?

डोंबिवलीची_माऊ:
आमचा बंड्या, वय ४, नसबंदी झालेली, दिवसभर फ्रिजवर लोळतो. त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले, मग एकटी. फरक ६.४ किलो. (माझा आकडा विचारू नका.) डॉक्टर म्हणाले ५ वर आणा, खाणं कमी करा. कमी म्हणजे किती? सध्या दोन वाट्या ड्राय फूड आणि सासूबाईंकडून "चमचाभर" दूध. पाकिटावर कॅलरी लिहिलेल्याच नाहीत. प्रोटीन ३२, फॅट १०, फायबर ५, ओलावा १० टक्के, बस.

आकडेमोड:
कॅल्क्युलेटर घ्या. वजन आजचं नाही, हवं ते, म्हणजे ५. ५×५×५ = १२५. वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा, ३.३४ येईल. गुणिले ७०, झाले २३४. नुसतं पडून राहायला मांजराला दिवसाला एवढ्या कॅलरी लागतात. सडपातळ, नसबंदी झालेल्याला १.२ पट चालतं. बंड्यासाठी २३४ वरच थांबा.
आता पाकीट. अ‍ॅश, म्हणजे खनिजं, साधारण ८ धरा. १०० मधून सगळं वजा केलं की कार्ब उरतं ३५. प्रोटीन आणि कार्बला ग्रॅममागे ३.५, फॅटला ८.५. बेरीज १०० ग्रॅमला ३२०. म्हणजे रोज ७३ ग्रॅम. वाटीने नाही, किचनच्या काट्यावर.

मनीची_आई:
हिशेब बरोबर, पण एका दिवसात ७३ वर आणू नका. आमच्या मनीचं खाणं मी एकदम अर्धं केलं, वर ब्रँडही बदलला. बाई रुसल्या. तीन दिवस ताटलीला तोंड लावलं नाही, लिव्हरमध्ये चरबी साचली, सलाइनपर्यंत गेलं. जाड मांजराचा उपास फार वाईट. दर आठवड्याला थोडं कमी करा. महिन्याला दोनेकशे ग्रॅम उतरले तरी पुष्कळ.

डोंबिवलीची_माऊ:
मोजलं! एक वाटी ४८ ग्रॅम, म्हणजे दोन वाट्यांच्या ३०७. आणि ते चमचाभर दूध निघालं अर्धी वाटी, म्हशीचं, सायीसकट. धरा ७५ तरी. एकूण ३८० च्या वर, आणि मी उगाच पाकिटाला दोष देत होते. सासूबाईंना आकडा दाखवला तर म्हणाल्या, "मुक्या जिवाच्या तोंडचं काय मोजतेस गं?"
दूध बंद करायचंच ना?

आकडेमोड:
बंदच. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचतही नाही. सासूबाईंना त्या ७३ मधलेच दहा ग्रॅम डबीत काढून द्या. दुपारी त्यांनी त्यांच्या हाताने घालावेत.

डोंबिवलीची_माऊ:
डबी दिली, खूश आहेत. पण आज कळलं, समोरच्या काकू संध्याकाळी दार उघडं दिसलं की बांगड्याचं डोकं टाकतात. बांगड्याच्या डोक्याचं किती धरू?